आई-बाबांसाठी वाचनाचा क्रम

ती. आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

आता सवड आहे तर काय वाचावं, असं तुम्ही दोघांनी विचारलंत. फोनवर चार नावं सांगून हे भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते. माझं मत आधीच सांगते. पुस्तक अर्ध्यावर सुटतं ते बहुतेक वेळा वाईट असतं म्हणून नाही. ते चुकीच्या ठिकाणाहून सुरू केलेलं असतं, किंवा चुकीच्या वेगाने वाचलेलं असतं. कादंबरीच्या वेगाने कविता वाचली तर ती हाताला लागत नाही, आणि कादंबरी इतिहास म्हणून वाचली तर डोक्यात भलतंच पक्कं बसतं.

आई, महाभारत तुझं, म्हणून तिथूनच सुरुवात करते. इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ आणि शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ ही दोन्ही 1967 सालची. कर्ण दोन्हीकडे आहे, पण इतका वेगळा की एकापाठोपाठ एक वाचल्याशिवाय त्यातली गंमत कळत नाही. आधी ‘मृत्युंजय’ घे. कर्ण, वृषाली, दुर्योधन, शोण, कुंती, कृष्ण असे वेगवेगळे जण त्यात आपापल्या तोंडाने बोलतात. भाषा अलंकारांनी भरलेली आहे, ती तशीच घ्यायची. सलग वाचलीस तर दीडशे पानांनंतर उपमांचा शीण येतो, म्हणून दिवसाला तीस-चाळीस पानंच वाच. मग ‘युगान्त’. त्यात एकेका व्यक्तीवर एकेक लेख आहे आणि कर्णाकडे बाई जराही मायेने पाहत नाहीत. तो कुठे कसा वागला एवढंच तपासतात. पहिल्या वाचनात हे कठोर वाटेल. मला तो लेख मराठीतल्या सर्वांत प्रामाणिक लेखांपैकी वाटतो.

‘युगान्त’ वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेव. बाईंनी आधार घेतलाय तो भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीचा. हे काम 1919 मध्ये सुरू झालं आणि 1966 मध्ये पुरं झालं. देशभरातल्या 1,259 हस्तलिखितांशी ताडून, मागाहून घातलेले श्लोक तळटिपांत आणि परिशिष्टांत काढलेले आहेत. त्यामुळे कीर्तनात आणि टीव्हीवर पाहिलेले काही प्रसंग तुला तिथे सापडणार नाहीत. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडला तेव्हा द्रौपदी ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ म्हणाली, असं आपण धरून चालतो. चिकित्सक संहितेत तो प्रसंग घडतो तिथे हसतात ते भीम, अर्जुन, नकुल-सहदेव आणि सेवक. द्रौपदीच्या तोंडी ते वाक्य नाही. एवढी एक गोष्ट बाजूला झाली की ‘तिच्यामुळे युद्ध झालं’ हे म्हणणं किती पोकळ आहे ते दिसतं. आणि हो, गांधारी व द्रौपदीच्या लेखांत इरावतीबाई पुराव्याच्या कडेला येऊन थोडी कल्पनाही चालवतात. ती कुठे सुरू होते हे शोधत वाच, त्यात फार मजा आहे.

त्यानंतर दुर्गाबाई भागवतांचं ‘व्यासपर्व’. क्रम उलटा करू नकोस. इरावतीबाई माणसाला त्याच्या कुळात आणि समाजात ठेवून पाहतात. दुर्गाबाई व्यासांच्या प्रतिभेकडे पाहतात. आधी ‘व्यासपर्व’ वाचलंस तर ‘युगान्त’ कोरडं वाटेल. शेवटी भैरप्पांचं ‘पर्व’, उमा कुलकर्णींच्या अनुवादात. ते जाडजूड आहे, पण तोवर सगळी नाती डोक्यात ताजी असतील.

बाबा, आता तुमच्या ऐतिहासिक कादंबऱ्या. ‘स्वामी’ तुम्हाला पाठ आहे, म्हणून स्पष्टच लिहिते. रणजित देसाईंनी माधवराव आणि रमाबाईंचं घर इतक्या जिव्हाळ्याने उभं केलंय की पुस्तक मिटल्यावर लक्षात राहतं ते घरच. सोळाव्या वर्षी पेशवाई मिळालेल्या आणि सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला वारलेल्या माणसाने 1761 ते 1772 या काळात राज्य कसं सावरलं, ते मागे पडतं. कादंबरी म्हणून हा दोष नाही. पण कारभार समजून घ्यायचा असेल तर ती पुरी पडत नाही. कुठलाही संवाद आवडला की मनाशी एकच प्रश्न विचारा: हे कोणत्या पत्रात आहे? कादंबरीतले बहुतेक संवाद लेखकाचे असतात. हे एकदा मान्य केलं की कादंबरीही अधिक आवडते, कारण लेखकाने किती रचलंय ते दिसू लागतं.

विश्वास पाटलांची ‘पानिपत’ मात्र नकाशाशिवाय वाचू नका. ती मध्येच जड जाते असं लोक म्हणतात, त्याचं कारण भूगोल निसटतो. साध्या कागदावर वरून खाली कुंजपुरा, पानिपत, बागपत, दिल्ली लिहा आणि उजव्या बाजूने यमुना काढा. मराठे कुंजपुरा घ्यायला उत्तरेकडे गेले, आणि ऑक्टोबर 1760 मध्ये अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून अलीकडे आला. म्हणजे तो मराठ्यांच्या आणि दिल्लीच्या मधे आला. रसद का तुटली, फौज का उपाशी राहिली, 14 जानेवारीला उपाशीपोटी का लढावं लागलं, हे सगळं त्या एका रेघेत आहे. कादंबरी झाली की राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड, 1898 सालचा, वाचनालयातच बसून चाळा. त्यात 1750 ते 1761 ची पत्रं आहेत. सगळी वाचायची गरज नाही. शेवटच्या वर्षातली काढा. पत्र त्या घटकेचं असतं. बखर मागाहून लिहिलेली असते आणि शेवट ठाऊक असल्यामुळे तिला आधीपासून सगळं कळत असतं. काशीराज पंडिताची पानिपतची हकीकतही वीसेक वर्षांनी लिहिलेली आहे, पण तो अब्दालीच्या बाजूने लढलेल्या नवाब शुजाउद्दौल्याच्या छावणीत हजर होता, त्यामुळे तिचं वजन निराळं.

आणि गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ पुन्हा वाचा, पण संपादकाचं नाव पाहून. वरसईचे हे भटजी दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे गेले, 1857 च्या धामधुमीत सापडले आणि झाशीच्या वेढ्यात अडकले. चिंतामणराव वैद्यांनी 1907 मध्ये ते छापलं तेव्हा काटछाट आणि फेरबदल केले. दत्तो वामन पोतदारांनी 1966 मध्ये मूळ हस्तलिखितावरून जे काढलं, त्यात भटजींची स्वतःची बोली आहे. मूळ संहितेवरून छापलेली प्रतच मागा. सजवलेली आणि न सजवलेली मराठी यांतला फरक तिथे पानापानावर दिसतो. माझ्या मते 1857 वरच्या कुठल्याही कादंबरीपेक्षा ही हकीकत सरस आहे, कारण तिला मोठं व्हायची हौस नाही.

आत्मचरित्रांत ‘स्मृतिचित्रे’ला तोड नाही. लक्ष्मीबाई टिळकांचं वाक्य तोकडं असतं आणि स्वतःची कीव त्यात कुठेच नाही. वडिलांच्या सोवळ्याचा जाच असो की नवऱ्याचं ख्रिस्ती होणं, त्या जसं घडलं तसं सांगतात. संक्षिप्त प्रती मिळतात, त्या घेऊ नका. काटलेलं असतं ते बारीकसारीक, आणि या पुस्तकाचा जीव बारीकसारीकातच आहे. हे मोठ्याने वाचायचं पुस्तक आहे. संध्याकाळी वीस मिनिटं एकाने वाचावं, दुसऱ्याने ऐकावं.

त्याच्या पाठोपाठ ‘बलुतं’ आणि ‘जिणं आमुचं’ वाचाल अशी माझी मनापासून विनंती आहे. ‘बलुतं’च्या सुरुवातीला गोंधळ होऊ शकतो, म्हणून आधीच सांगते. तिथे दया पवार आणि दगडू मारुती पवार असे दोघे बोलताहेत आणि दोघे एकच आहेत. शिकलेला माणूस स्वतःच्या मागे टाकलेल्या नावाला बोलतं करतो. ही रचना कळली नाही तर पहिली पानं तुटक वाटतात. बेबीताई कांबळ्यांच्या पुस्तकात उलट ‘मी’ फार कमी आहे. वीरगावचा महारवाडा, सणवार, बायकांचे हाल, हे सगळं ‘आम्ही’ म्हणून येतं. आत्मचरित्राची अपेक्षा धरून बसलात तर नायिका कुठे आहे असं वाटत राहील. वस्तीचं चरित्र म्हणून वाचा. आई, तुला यातली काही पानं एका बैठकीत सोसणार नाहीत. पुस्तक खाली ठेव, पण सोडू नकोस.

‘कोसला’ तुम्ही दोघांनी मागेच सोडून दिलीत. पांडुरंग सांगवीकर पुण्याच्या कॉलेजात आणि होस्टेलात भरकटतो, तो भाग नुसत्या टवाळक्या वाटतो, आणि बहुतेक वाचक तिथेच उठतात. नेमाड्यांनी ती बडबड मुद्दाम सपाट ठेवली आहे. त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या प्रकरणाशी आलात की ती भाषा कशासाठी राखली होती ते कळतं. तिथवर पोचा, मग आवडली-नावडली ठरवा.

जी. ए. कुलकर्णींच्या कथांच्या बाबतीत क्रम सर्वांत महत्त्वाचा. ‘रमलखुणा’ने सुरुवात केली की माणूस जी. एं.ना कायमचा रामराम ठोकतो, कारण त्यात ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दोनच दीर्घ कथा आहेत, आणि त्या ओळखीच्या कुठल्याच गावात घडत नाहीत. ‘निळासावळा’, ‘पारवा’, ‘हिरवे रावे’ या क्रमाने या. ती माणसं आपल्यातली आहेत: कर्जात बुडालेली, घरात कोंडलेली, हट्टी. मग ‘काजळमाया’, आणि ‘रमलखुणा’ शेवटी. दिवसाला एकच कथा. पहिल्या दोन पानांत सहज येऊन गेलेल्या वस्तूला शेवटी वेगळाच अर्थ येतो, आणि लगेच पुढची कथा उघडली की तो विरून जातो. कथा संपली की पहिलं पान पुन्हा वाचायचं. बाबा, रात्री झोपताना हे नको. झोपेच्या वेळी ‘बनगरवाडी’ ठीक. माडगूळकरांची वाक्यं स्वच्छ आहेत आणि पुस्तक छोटं.

विज्ञानकथेत नारळीकर. त्यांची माणसं पातळ असतात, हे खरं, पण कल्पना चोख असते. एक गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं विज्ञानाच्या नियमांनी चालवायचं, ही शिस्त ते मोडत नाहीत. पहिली कथा ‘कृष्णविवर’ त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती आणि तिला बक्षीस मिळालं. तिथूनच सुरू करा. भयकथा आईला नकोत, आणि बाबांनी धारप केव्हाच संपवलेत, त्यामुळे ते सोडते.

कविता सलग वाचू नका, एवढंच. रोज एक, दोनदा, मोठ्याने. बहिणाबाईंची गाणी मुळात तोंडी रचलेली, 1952 मध्ये पुस्तक झालेली. नुसत्या डोळ्यांनी वाचली तर त्यांचा ठेका हरवतो.

दुर्गाबाईंचं ‘ऋतुचक्र’ही असंच. बारा महिन्यांचे बारा लेख आहेत, तर ज्या महिन्याचा लेख त्याच महिन्यात वाचावा. फाल्गुनात काटेसावर आणि पांगारा टेकडीवर फुललेले असताना तो लेख वाचण्यात आणि जुलैत वाचण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुर्गाबाई मुंबईच्या. त्यांचा पाऊस आपल्या पुण्यातल्या पावसापेक्षा दांडगा, हे धरून चाला.

अनुवाद पारखायची माझी एकच रीत आहे: मधलंच पान उघडून संवाद मोठ्याने वाचायचा. तो घरात कुणी बोलेल असा वाटला तर पुस्तक घ्या. शांताबाई शेळक्यांचं ‘चौघीजणी’ आणि पु. लं.चं ‘एका कोळियाने’ या कसोटीला उतरतात.

आता हाताचं आणि डोळ्यांचं. जुन्या प्रतींचा कागद पिवळा पडलेला असतो, त्यावर अक्षर उठत नाही. आई, तुझ्या मोतीबिंदूला तो त्रास आधी होतो. म्हणून मोठी पुस्तकं नव्या आवृत्तीतच घ्या आणि दिवा डाव्या खांद्यामागून येऊ द्या. ‘श्रीमान योगी’सारखं जाड पुस्तक हातात धरून वाचलं तर मनगट धरतं. मांडीवर उशी, तिच्यावर पुस्तक. गोंदाने चिकटवलेली नवी प्रत एकदम मधोमध उलगडली तर पाठ फुटते आणि पानं सुटतात. आधी दोन्ही पुठ्ठे टेबलावर टेकवा, मग पुढून दहा पानं, मागून दहा पानं अशी हलक्या हाताने दाबत मध्यापर्यंत या. वाचनालयातून आलेलं पुस्तक गॅलरीत कोरड्या फडक्याने पुसूनच घरात घ्या, बाबांना धुळीने खोकला येतो. ऐकायची पुस्तकं विनोदाला आणि आत्मचरित्राला चांगली. इतिहासाला नकोत, नावं उलटून पाहता येत नाहीत.

नगर वाचन मंदिरातून पहिल्या खेपेला ‘युगान्त’ आणि ‘माझा प्रवास’ एवढंच आणा. ‘मृत्युंजय’ कपाटात आहे, वरच्या खणात उजवीकडे. आई, दोन्हीकडचा कर्ण वाचून झाला की लगेच फोन कर. इरावतीबाईंनी त्याच्यावर अन्याय केलाय असं तू म्हणशील, आणि मला तुझ्याशी त्यावर भांडायचंय.

तुमची,
धाकटी