प्रशिक्षणाच्या यादीत शाळेचे कार्यालय का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शिक्षकांच्या राज्यव्यापी प्रशिक्षणावर काल आपल्या अंकात आलेला लेख मी दोनदा वाचला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधील वर्षाला ५० तासांची अट, पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेपासून जिल्ह्याच्या शिक्षण व प्रशिक्षण संस्थेपर्यंतची (डाएट) साखळी, १२ आणि २४ वर्षांच्या सेवेनंतरची वेतनश्रेणीची प्रशिक्षणे, या सर्वांचा लेखकाने नीट परामर्श घेतला आहे आणि त्यातील बहुतेक मते मला पटली. मात्र संपूर्ण लेखात लिपिक, ग्रंथपाल किंवा प्रयोगशाळा सहायक यांचा उल्लेख एकदाही नाही. शिक्षकांना प्रशिक्षण मिळते याचे मला वाईट वाटत नाही. त्यांचे कार्यमुक्तीचे आदेश मीच टाइप करते. परंतु खासगी अनुदानित शाळेच्या ज्या टेबलावरून सर्वांचे पगार, मुलांचे दाखले आणि शासनाला जाणारी सारी माहिती निघते, त्या टेबलावर बसणाऱ्याला कधीच काही शिकवले जात नाही, हे कोणाला खटकतही नसावे याचा मला संताप येतो.

मी सोलापूर जिल्ह्यातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत कनिष्ठ लिपिक आहे. माझे पती त्याच शाळेत लिपिक होते. ते गेल्यानंतर २०१७ साली अनुकंपा तत्त्वावर माझी नेमणूक झाली, तोपर्यंत ते टेबल आठ महिने रिकामे होते. कार्यभार म्हणून मला मिळाली ती कपाटाची किल्ली आणि त्यांच्या अक्षरातील एक दोनशे पानी वही. शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीमध्ये वेतन देयक कोणत्या क्रमाने भरायचे, पगार मंजूर करणाऱ्या वेतन पथक कार्यालयाकडे किती प्रती द्यायच्या, कोणाची कोणती कपात कोठे दाखवायची, हे त्यांनी स्वतःच्या आठवणीसाठी त्या वहीत लिहून ठेवले होते. पहिली तीन देयके मी ती वही शेजारी उघडी ठेवूनच तयार केली. ती वही नसती तर त्या महिन्यात आमच्या शाळेचा पगार झाला नसता, असे मी पूर्ण जबाबदारीने लिहिते.

त्या वहीत आधारविषयी मात्र काही नव्हते. २०२२-२३ च्या संच मान्यतेसाठी, म्हणजे पटावरून शाळेची पदे ठरवण्यासाठी, आधार वैध असलेली पटसंख्याच धरली जाणार, असे कळल्यावर सगळीकडे जी धावपळ झाली ती वाचकांना आठवत असेल. आमच्याकडे ३७ मुलांच्या नोंदी ‘मिसमॅच’, म्हणजे आधारशी न जुळणाऱ्या, दाखवत होत्या. कोठे आडनाव आधी आले होते, कोठे नावाचे इंग्रजी स्पेलिंग वेगळे होते, कोठे मुलीपुढे ‘पुरुष’ पडले होते. नववीतील एका मुलीची जन्मतारीख आमच्या जनरल रजिस्टरमध्ये १४ जून होती आणि आधारवर १ जानेवारी, कारण आधार काढताना पालकांनी नुसते वर्ष सांगितले होते. मोबाइलवर फिरत आलेला एक व्हिडिओ पाहून मी ऑनलाइन नोंदीतील तारीख आधारप्रमाणे बदलली. नोंद वैध झाली, पटावर एक मूल वाढले आणि मुख्याध्यापकांनी माझे कौतुकही केले.

दहावीनंतर त्या मुलीने शाळा सोडल्याचा दाखला घेतला, तेव्हा त्यावर रजिस्टरप्रमाणे १४ जून आले आणि ऑनलाइन नोंदीत १ जानेवारी राहिले. तिचे वडील ऊसतोडीला जातात. हे निस्तरण्यासाठी ते फडावरून तीन वेळा शाळेत आले आणि तिन्ही वेळा त्यांची दिवसभराची मजुरी बुडाली. मला ते एक शब्दही रागावून बोलले नाहीत, आणि त्याचीच मला अधिक लाज वाटली. जन्माचा दाखला देऊन आधार केंद्रावर आधारच दुरुस्त करून घ्यायचे असते, हे मला शेजारच्या तालुक्यातील एका लिपिकाने फोनवर सांगितले तेव्हा फार उशीर झाला होता. चूक माझी होती आणि ती मी नाकारत नाही. पण दोन तासांच्या एका वर्गात ती टळली असती.

आमच्या प्रयोगशाळा सहायकांची गत वेगळी नाही. ते शिपाई पदावरून बढतीने आले. आम्ल पाण्यात घालायचे असते, पाणी आम्लात ओतायचे नसते, हे त्यांना विज्ञानाच्या बाईंनी अगदी वेळेवर हात धरून सांगितले, म्हणून ते वाचले.

यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. शिक्षकांच्या प्रशिक्षणाची गटसाधन केंद्रे तालुक्यातालुक्यांत आहेत आणि दीक्षा हे ऑनलाइन शिक्षणाचे व्यासपीठ तयारच आहे. उन्हाळी सुट्टीत, शाळा सुरू होण्यापूर्वी, शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी दोन दिवस ठेवावेत. त्यात शालार्थ, यूडायस प्लस (शाळा व विद्यार्थ्यांची माहिती भरण्याची ऑनलाइन प्रणाली) आणि माध्यमिक शाळा संहितेतील जन्मतारीख व नावबदलाचे नियम शिकवावेत, आणि शिकवायला रोज हे काम करणारा अनुभवी लिपिकच असावा. नव्या लिपिकाला जुन्या लिपिकाजवळ किमान आठ दिवस बसू द्यावे.

जाता जाता आणखी एक गोष्ट लिहिणे भाग आहे. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानंतर शिपायाचे पद रिकामे झाले की ते भरले जात नाही, त्याऐवजी शाळेला ठरावीक रकमेचा ठोक भत्ता मिळतो. आमच्या शाळेतील शेवटचे शिपाई मामा मे अखेर निवृत्त होत आहेत. त्यानंतर कार्यालय उघडणे, घंटा देणे आणि वेतन पथकात कागद पोहोचवणे ही कामे माझ्याकडेच येतील, असे मला आताच सांगण्यात आले आहे. तेव्हा आमच्या प्रशिक्षणाचा आदेश निघालाच, तर त्या दोन दिवसांसाठी शाळेला बदली माणूस देण्याची तरतूदही त्याच आदेशात करावी, ही आपल्यामार्फत शिक्षण विभागाला विनंती.

आपली,
एक कनिष्ठ लिपिक, जि. सोलापूर
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)