रोजच्या रस्त्यावरची जुनी एमजी

फोंडा, गोवा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. पुणे सोडून मडगावच्या घरी परत येणार, पणजीच्या कचेरीत रुजू होणार आणि रोजच्या जाण्यायेण्यासाठी १९६५ सालची एमजीबी, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची स्पोर्ट्स मोटार, घेण्याचे मनात आहे, अशा तीन बातम्या तू एकाच परिच्छेदात उरकल्या आहेस. पहिल्या दोहोंबद्दल भेटीत बोलू. तिसरीच्या शेवटी मात्र तू लिहितोस की गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवून घेतली की कटकट मिटेल. त्या एका वाक्यापायी हे पत्र लांबणार आहे, तेव्हा चहा घेऊनच वाचायला बस.

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींसाठी वेगळी नोंदणी सुरू झाली. क्रमांकात राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ येते, नव्या नोंदणीला २०,००० रुपये पडतात, पुढच्या नोंदणीला ५,००० आणि प्रमाणपत्र दहा वर्षे चालते. इथवर सगळे गोड आहे. पण त्याच नियमांत असेही म्हटले आहे की अशी गाडी नियमित किंवा व्यापारी वापरासाठी रस्त्यावर चालवता येणार नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच ती बाहेर काढायची. कचेरीला जाणे यांपैकी कशातच बसत नाही. म्हणून रोज चालवायची असेल तर ती पाटी लावून घेऊ नकोस. गाडी साध्या नोंदणीवरच राहू दे आणि दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करीत जा. हे प्रकरण स्वस्त नाही, कारण ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांहून जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाला १०,००० रुपये लागतात आणि ती आयात केलेली असेल तर ८०,०००. तेव्हा विसार देण्यापूर्वी आरसी पुस्तक हातात घेऊन तिची नोंद नेमकी कशी झाली आहे आणि मुदत कधी संपते, ते स्वतः पाहा. विकणारा तोंडी काय सांगतो त्यावर जाऊ नकोस.

आता रोज चालवायचीच कशाला, हा तुझ्या घरच्यांचा प्रश्न. ‘एवढी जुनी वस्तू, जपून ठेवावी,’ असे वहिनी म्हणतात, असे तू लिहिलेस. माझी एमजीए, म्हणजे तुझ्या एमजीबीच्या आधीचे मॉडेल, १९५८ सालची. पोर्तुगीज अमलात भारतातले आयातीचे निर्बंध इथे लागू नव्हते, त्यामुळे त्या काळात युरोपातल्या मोटारी मुरगाव बंदरात सहज उतरत. त्यांतलीच ही एक. सासष्टीतल्या एका भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या घरी ती होती आणि शेवटची कित्येक वर्षे त्या घराने तिला फारच जपले होते, म्हणजे कापडाखाली झाकून उभी करून ठेवले होते. त्या जपणुकीची बिले मी भरली. ब्रेकच्या सिलिंडरांतले पिस्टन गंजून जागीच धरले होते, क्लचची प्लेट फ्लायव्हीलला चिकटली होती, पेट्रोलच्या टाकीच्या तळाशी गंजाचे पापुद्रे साचले होते आणि वॉटर पंपाचे सील वाळून चिरले होते. यांतले काहीही चालवून चालवून झिजलेले नव्हते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते आणि आपल्याकडच्या हवेत ओलाव्याला तोटा नाही; गाडी हलली नाही की तेच पाणी सिलिंडरात बसून लोखंड खाते. ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट काळे पडतात, टायर एकाच जागी दबून चपटे होतात, आणि उंदरांना वायरिंगचे आवरण का आवडते हे तेच जाणोत.

रोजच्या वापरात यांतले बहुतेक प्रश्न उद्भवतच नाहीत. अट एकच, की अंतर पुरेसे हवे. इंजिन सुरू झाल्यावर आत पाण्याची वाफ धरते आणि तेल नीट तापल्याशिवाय ती निघून जात नाही. पणजीतल्या पणजीत तीन किलोमीटर जाऊन गाडी लावणाऱ्याला मी एमजी घेऊ नकोस असेच सांगेन. त्याचे तेल लवकरच फेसाळ, पांढुरके होईल. फोंडा ते पणजी मला तीसएक किलोमीटर पडते आणि मडगावहून तुलाही जवळजवळ तेवढेच, थोडे अधिकच पडेल. या इंजिनाला हे अंतर मानवते.

आणि इंजिनाची तर तू मुळीच धास्ती घेऊ नकोस. एमजीएचे इंजिन १४८९ सीसीचे, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीजमधले. हिंदुस्थान मोटर्सच्या ॲम्बॅसडरमध्ये वर्षानुवर्षे बसत आले ते इंजिन याच घराण्यातले आणि एवढ्याच सीसीचे. माझ्या गाडीत एसयू या कंपनीचे दोन कार्बोरेटर आहेत आणि ती थोडी अधिक ताकद काढते. तुझ्या एमजीबीचे १७९८ सीसीचे इंजिनही त्याच वंशावळीतले. आमच्या फोंड्याच्या मेस्तांचे सारे आयुष्य ॲम्बॅसडर टॅक्सींखाली आडवे पडण्यात गेले. पहिल्यांदा बॉनेट उघडल्यावर त्यांनी जरा वेळ पाहिले, टॅपेटच्या झाकणावर बोटे वाजवली आणि व्हॉल्व्हची फट मोजायच्या फिलर गेजचे नेमके पाते न विचारताच वेगळे काढून ठेवले. ज्या गाडीचे चित्रसुद्धा त्यांनी पूर्वी पाहिले नव्हते तिचे टॅपेट त्यांनी बोलता बोलता लावून दिले. तुला मडगावात असा माणूस शोधावा लागेल. लॅपटॉप जोडून दोष शोधणाऱ्या चकचकीत वर्कशॉपात जाऊ नकोस, जुन्या टॅक्सीवाल्यांना विचार.

खरी अडचण पेट्रोलची आहे. या गाड्या शिसेयुक्त पेट्रोलवर वाढल्या. ते २००० साली देशभर बंद झाले आणि तेव्हापासून बिडाच्या हेडमध्ये थेट कोरलेल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटा, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडा, झिजत जातात. तुझ्या गाडीचे हेड कधी उतरवून कडक सीटा बसवल्या आहेत का, हे विचार. नसतील तर तो खर्च किमतीतून वजा धर. आता त्यात वीस टक्के इथेनॉलची भर पडली आहे. जुने रबर त्याने फुगते, मऊ पडते आणि शेवटी चिरते, म्हणून पेट्रोलच्या सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घाल. पंपाचा पडदाही तसाच घे. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असल्याने पेट्रोल-हवेचे मिश्रण पातळ होते, गाडी खोकते आणि तापते. एसयूच्या तळाचा पितळी नट थोडा खाली उतरवला की मिश्रण पुन्हा दाट होते. हे काम पाच मिनिटांचे आहे, मात्र दोन्ही कार्बोरेटरांवर सारखेच व्हायला हवे. इथेनॉलचा दुसरा दोष म्हणजे तो पाणी ओढून घेतो आणि पाणी फार झाले की दोघे मिळून पेट्रोलपासून सुटून टाकीच्या तळाशी जाऊन बसतात. जी टाकी आठवड्याला रिकामी होऊन पुन्हा भरते तिच्यात हे घडायला अवसरच मिळत नाही. वहिनींना हा मुद्दा अवश्य सांग.

रस्त्याविषयी थोडेसे. मी म्हार्दोळ, बाणस्तारीवरून जुने गोवे गाठतो आणि तिथून मुद्दाम बगल रस्ता टाळून रायबंदरमार्गे जातो. सतराव्या शतकात पोर्तुगिजांनी बांधलेल्या पाँत द लिन्हारिसवरून, म्हणजे त्या लांबलचक सरळ बंधाऱ्यावरून, एका बाजूला मांडवी आणि दुसऱ्या बाजूला मिठागरे असताना चाळिसाच्या वेगाने तिसऱ्या गिअरमध्ये जाण्यासारखे सुख पणजीला पोचण्याच्या दुसऱ्या कोणत्याही मार्गात नाही. हे वेगाचे वाहन आहे असे लोक समजतात, परंतु या गाडीत बूड जमिनीपासून वीतभरच उंच असल्याने चाळिसाचा वेगही साठासारखा वाटतो आणि मोठ्या बसचे चाक थेट कानाशी येते. त्यामुळे एक गोष्ट मी पहिल्याच आठवड्यात करून घेतली: मागचे मूळ दिवे इतके लहान आणि खाली आहेत की उंच गाडीच्या चालकाला ते दिसत नाहीत, म्हणून सामानाच्या कप्प्याच्या झाकणावर ब्रेकचा एक जादा एलईडी दिवा बसवला. मूळपणाचा आग्रह धरणाऱ्यांनी नाके मुरडली. मुरडू देत. सीटबेल्टही मूळचे नव्हते. तेही लावून घेतले.

तुझ्या वाटेवर वेर्णाचे पठार, कुठ्ठाळी आणि पुढे बांबोळीचा चढ आहे. झुआरीचा नवा पूल डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला नसता तर मी तुला हा नाद सोडायलाच सांगितले असते. जुन्या पुलावरच्या त्या रांगांमध्ये एप्रिलच्या दुपारी या गाडीने दम तोडला असता. तरीही पणजीत शिरताना खोळंबा होतोच आणि अशा वेळी पाण्याचा काटा कसा चढतो ते बघत बसावे लागते. इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा मूळ पंखा गाडी थांबली की हळू फिरतो, म्हणजे नेमका नको तेव्हा. मी रेडिएटर नव्याने भरून घेतला आणि पुढे एक लहान विजेचा पंखा लावला. माझ्या गाडीत बॅटरी चार्ज करायला डायनॅमो आहे आणि तुझ्यातही तोच असेल. तो संथ गतीला चार्ज करत नाही, त्यामुळे रात्रीच्या खोळंब्यात हेडलाइट आणि पंखा एकदम चालवले की बॅटरी खालावते. हेडलाइट मालवता येत नाहीत, पंखा मालवता येतो. शिवाय या गाड्यांची अर्थिंग उलटी, धन टोक चौकटीला जोडलेले, हे लक्षात न घेता कोणी मोबाइलचा चार्जर किंवा टेप बसवला तर धूर निघतो. पाय ठेवायच्या जागी इतकी धग येते की कचेरीच्या कपाटात एक सदरा कायमचा ठेवून दे.

पेट्रोल पंपाचीही एक खोड सांगतो, कारण ती तुला भेटणारच. एसयूचा पंप विजेवर चालतो. चावी फिरवली की सीटच्या मागून टक्‌-टक्‌-टक्‌ असा आवाज येतो, कार्बोरेटर भरले की मंदावतो. एका सकाळी बाणस्तारीच्या पुलाच्या अलीकडे गाडी दोनदा आचके देऊन थांबली. चावी पुन्हा फिरवली, आवाज नाही. पंपातले पॉइंट चिकटले होते. उतरलो, अंगावरच्या इस्त्रीच्या कपड्यांसकट खाली वाकलो आणि पान्याच्या मुठीने पंपाच्या काळ्या टोपीवर हलकेच दोन टोले दिले. टक्‌-टक्‌ सुरू झाले. मागे थांबलेला मासळीवाला स्कूटरवरून हे सारे पाहत होता. ‘असे आमच्या टीव्हीला करायचो,’ एवढे बोलून तो पोंऽऽ वाजवत निघून गेला. पंप नंतर उघडून पॉइंट घासून घेतले, पण तो पान्याचा तुकडा तेव्हापासून दाराच्या खणातच असतो.

पावसाळ्याबद्दल तुला खोटा धीर देणार नाही. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात एमजीए हे जूनपासूनचे वाहन नव्हे. तिला काचा नाहीत, बाजूचे पडदे खोचावे लागतात. पायाखाली प्लायवूडच्या फळ्या आहेत. चारही चाकांना ड्रमचे ब्रेक आहेत आणि खोल डबक्यातून गेल्यावर ते वाळेपर्यंत पेडल दाबूनही गाडी नीट थांबत नाही. त्या चार महिन्यांत मी घरची मारुती वापरतो आणि पावसाने उघडीप दिली की एमजीएला सावर्डेपर्यंत फिरवून आणतो. तुझ्या एमजीबीला वर-खाली होणाऱ्या काचा आहेत आणि पुढे डिस्क ब्रेक आहेत, त्यामुळे मोह होईल. आवर. माझ्या गाडीला वेगळी चौकट आहे. तुझीत पत्र्याचा सांगाडाच सगळा भार घेतो आणि दारांखालच्या पेट्या त्याच्या मुख्य तुळया आहेत. तिथे पाणी साचले की आतून गंजते, वरून रंग तुकतुकीत राहतो आणि एके दिवशी जॅक लावल्यावर दार लागत नाही.

म्हणून गाडी पाहायला जाशील तेव्हा इंजिन सुरू करून घेण्याआधी हे कर: दार उघडून त्याला थोडे वर उचलून पाहा आणि मग बंद करताना फटी खालपासून वरपर्यंत सारख्या आहेत का ते बघ. दाराखालच्या पेट्यांवर लोहचुंबक फिरव. जिथे तो धरत नाही तिथे पुट्टी आहे. सीटमागचे झाकण काढून सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांचे कप्पे बघ, तिथे आम्ल सांडून पत्रा हमखास खाल्लेला असतो. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे दाते अलगद जुळवणारी रचना, नाही, तेव्हा चालत्या गाडीत तो टाकताना आवाज आला म्हणून घाबरू नकोस; दुसऱ्यात आला तर मात्र किंमत पाड. इंजिन अगदी शेवटी ऐक. ते बरे करता येते, सांगाडा बरा करताना घर विकायची वेळ येते.

विकणाऱ्याने वेळ दिली की कळव. रविवार असेल तर मी पुण्याला येईन आणि माझे लोहचुंबक घेऊन येईन. जमले तर मेस्तांनाही आणतो, मात्र त्यांची राहण्याची आणि शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवणाची सोय तुझ्याकडे हवी. त्या दिवशी त्यांचा सोमवार नसला तरी बाहेरचे मासे ते खात नाहीत. आरसी पुस्तकाच्या पानांचे फोटो तेवढे आधी पाठव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
फोंड्याचा मित्र