बो टाय बॅगेत घालायचा की नाही?

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. क्रूझच्या माहितीपत्रकात ‘दोन फॉर्मल नाइट’, म्हणजे सूट-गाऊन घालून नटून जेवायला जायच्या दोन रात्री, वाचून तू भडकला आहेस. सुट्टीवर जाऊन गळ्यात फास कशाला, हा तुझा प्रश्न निम्मा रास्त आहे. पण या दोन शब्दांचा अर्थ कंपनीगणिक बदलतो आणि तू जहाजाचं नावच लिहिलेलं नाहीस. तेव्हा आधी कोण कुठे उभं आहे ते सांगतो.

एका टोकाला क्युनार्ड. त्यांची ‘क्वीन मेरी २’ साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला साधारण सात रात्रींत पोचते. वाटेत सहसा एकही बंदर नसतं. त्यात बहुधा दोन ‘गाला’ संध्याकाळी असतात. कधी काळा-पांढरा रंग ठरलेला, कधी मुखवटे. पुरुषांनी डिनर जॅकेट (साटीनच्या कॉलरचा समारंभाचा कोट) किंवा गडद सूट आणि टाय, बायकांनी लांब गाऊन किंवा त्याच तोलाचं काही. आपापल्या देशाचा समारंभाचा पोशाखही चालतो. दुसऱ्या टोकाला नॉर्वेजियन. त्यांनी २००० साली ‘फ्रीस्टाइल’ आणलं आणि सक्तीची फॉर्मल नाइट मोडीत काढली. व्हायकिंगच्या सागरी जहाजांवर आणि ओशिआनियावर ती नाहीच. व्हर्जिनवर एका रात्री सगळे लाल कपडे घालतात, तेवढंच. मधली मंडळी मात्र फॉर्मल नाइटचं नाव बदलण्यात गुंतली आहेत. सेलिब्रिटीने २०१५ च्या सुमारास ‘इव्हनिंग शिक’ काढलं, कार्निव्हल ‘क्रूझ एलिगंट’ म्हणतं.

खरी गडबड या मधल्यांकडे आहे. कागदावर लिहायचं ‘शक्यतो सूट किंवा गाऊन’ आणि दारात कुणालाच अडवायचं नाही. मग एका टेबलावर साटीनच्या कॉलरचा कोट, शेजारी पोलो शर्ट. कोटवाल्याला आपण बावळट दिसतोय असं वाटतं, पोलोवाल्याला सगळे आपल्याकडेच बघताहेत असं वाटतं. दोघांची संध्याकाळ बिघडते. माझं मत विचारशील तर फॉर्मल नाइट जहाजावर राहावी, पण एका जेवणघरात आणि एका नाचघरात. तिथे दारात नियम पाळावा आणि बाकी जहाज मोकळं सोडावं. क्युनार्डचं थोडंफार तसंच चालतं: ज्याला नटायचं नाही तो बुफेत जेवतो, पबमध्ये बसतो. ‘ऐच्छिक’ या शब्दाने या प्रथेचं जितकं नुकसान केलं, तितकं चप्पल घालून येणाऱ्यांनी केलेलं नाही.

या प्रथेच्या रात्री समुद्राच्या वेळापत्रकातून ठरल्या. पहिल्या रात्री सामान केबिनमध्ये पोचलेलं नसतं आणि शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात, म्हणून त्या दोन रात्री नटायचं नाही हा जुना संकेत. बंदराच्या दिवशी लोक उन्हातून दमून परत येतात, म्हणून फॉर्मल नाइट बहुतेकदा पूर्ण समुद्रावरच्या दिवशी. जिथे दिवसभर नुसतं पाणीच दिसतं, तिथे संध्याकाळला काहीतरी घडावं लागतं. रोज नवं बंदर असलेल्या प्रवासात ती गरज उरत नाही आणि तिथे फॉर्मल नाइट ओढूनताणून आणलेली वाटते. त्यात पूर्वी दोन ठरलेल्या पंगती असायच्या, रोज तेच टेबल, तीच माणसं. त्यांच्यासाठी नटण्यात अर्थ होता. आता वाटेल त्या वेळी वाटेल तिथे जेवायचं. शिवाय विमानाने बंदर गाठणाऱ्यांना बॅगेचं वजन सांभाळावं लागतं. आणि नटलेल्यांचे फोटो काढून विकायला जिन्यापाशी पडदे लावून उभे असलेले फोटोग्राफर विसरू नकोस. फॉर्मल नाइट टिकवण्यात कंपनीचाही धंदा आहे.

आता बॅग. तुझं डिनर जॅकेट कपाटात पडून आहे म्हणतोस. ते नसतं तर मुद्दाम शिवून घे असं मी म्हटलं नसतं. गडद निळा लोकरी सूट दोन्ही रात्री आणि मधल्या संध्याकाळीही चालतो. पण आहे तर घे. एक सूट साधारण दीड किलो, बुटांचा जोड किलोभर. कोट विमानात अंगावरच घाल, तेवढं वजन वाचलं. बॅगेतच न्यायचा असेल तर घडी अशी घाल. खिसे रिकामे कर. कोट समोर धरून डावा खांदा पूर्ण उलटा कर, म्हणजे अस्तर बाहेर येईल. मग उजवा खांदा त्या उलट्या खांद्याच्या पोटात सरकव, दोन्ही कॉलर एकावर एक आल्या पाहिजेत. आता सगळीकडे अस्तरच दिसेल. ड्रायक्लीनरची पातळ प्लॅस्टिकची पिशवी त्यावर चढव आणि कमरेपाशी, गुंडाळलेल्या मऊ टी-शर्टवरून एकदाच दुमड. कापड एकमेकांवर घट्ट दाबलं गेलं की चुणी बसते. प्लॅस्टिकमुळे ते सरकत राहतं आणि टी-शर्टमुळे घडी गोल राहते. पोचल्या पोचल्या टांग. खांद्याचा आकार बारीक हँगरवर बिघडतो आणि केबिनच्या कपाटात बहुधा तसेच हँगर असतात. एक रुंद हँगर बरोबर ठेव.

इस्त्री मात्र नेऊ नकोस. आगीच्या भीतीने केबिनमध्ये इस्त्री आणि कपड्यांना वाफ देणारा स्टीमर दोन्हींना बंदी असते. बॅग तपासताना काढून घेतात आणि उतरताना परत देतात. क्युनार्डवर प्रवाशांसाठी धुलाईखोली आणि इस्त्री आहे, रॉयल कॅरिबियनवर स्वतः धुण्याची सोय नाही. पैसे देऊन इस्त्री करून मिळते, पण सगळे त्याच संध्याकाळसाठी देतात, म्हणून चढल्या दिवशीच दे. गरम पाण्याच्या वाफेत कपडा टांगायची युक्ती लोकरीच्या कोटावर चालते, सुती शर्टावर नाही. सुती शर्ट ओला होऊन वाळतो आणि सुरकुती तशीच राहते.

बो टाय तयार क्लिपवाला घेऊ नकोस. बांधायला वाटतो तितका अवघड नाही, बुटाच्या नाडीचीच गाठ ती. एक टोक चारेक सेंटीमीटर लांब ठेव, आखूड टोकावरून घेऊन खालून वर काढ आणि गळ्याशी आवळ. आखूड टोकाची आडवी घडी घालून तिचा बो कर. लांब टोक तिच्यावरून सरळ खाली सोड. मग त्या टोकाचीही तशीच घडी घालून बोच्या मागे तयार झालेल्या फटीतून ढकल. सगळे अडकतात ते इथेच: पहिली गाठ सैल राहिली की मागची फट सापडत नाही. आवळताना टोकं ओढू नकोस, घड्या ओढ. पहिले दोन-तीन दिवस मांडीवर बांधून बघ. गुडघ्याच्या वरचा घेर गळ्याच्या जवळपास असतो आणि हात डोळ्यांसमोर राहतात. कमरबंद, म्हणजे कमरेला बांधायचा चुण्यांचा रुंद कापडी पट्टा, घातलास तर चुण्यांची तोंडं वर. डिनर जॅकेटच्या पँटला नेहमीचा पट्टा लावत नाहीत.

वहिनींना सांग, उंच बारीक टाच घरीच ठेवा. जहाज हललं की वजन एका बिंदूवर येतं आणि घोटा मुरगळतो. बाहेरच्या डेकवर लाकडी फळ्यांच्या फटी असतात आणि दारांना उंच उंबरे. चार-पाच सेंटीमीटरची रुंद टाच पुरे. गाऊनची लांबी तेच बूट घालून मोजायची, जमिनीपासून दोन-तीन सेंटीमीटर वर. जिन्यावर एक हात कठड्याला द्यावा लागतो, दोन्ही हातांनी घेर सावरायची सवय तिथे अंगाशी येते. आणि शाल हवीच, जेवणघरात एसीची गारठवणारी हवा असते.

एक जाता जाता. ‘क्वीन मेरी २’ निघालीच तर पश्चिमेकडे जाणारी घे. त्या दिशेला घड्याळ पाच रात्री तासतासभर मागे जातं, म्हणजे नाचून उशिरा झोपलास तरी झोप पुरी होते. परतीला तेच तास कापले जातात.

जहाजाचं नाव आणि बंदरांची यादी धाड. सातांपैकी पाच दिवस बंदरंच असतील तर डिनर जॅकेट कपाटातच राहू दे, मी भांडणार नाही.

तुझा,
मिलिंद

ता. क. कफलिंक आणि शर्टाचे सुटे स्टड (बटणांच्या जागी लावायच्या खुंट्या) छोट्या डबीत घालून खांद्यावरच्या पिशवीत ठेव. मोठी बॅग केबिनमध्ये यायला संध्याकाळ होते, आणि ती हुकली तर जहाजावर कोट एखाद्या वेळी भाड्याने मिळेल, स्टड मात्र कुणाकडे मागणार?