वॉर्डात बैठक घ्या, पण मत चिठ्ठीवर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नगरपालिकेची तिकिटे अमेरिकेतल्या आयोवाप्रमाणे कार्यकर्त्यांच्या बैठकीत, म्हणजे कॉकसमध्ये, ठरवावीत असे सुचवणारे पत्र आपल्या अंकात वाचले. शेवटच्या दिवशी तीनच्या ठोक्याला कुणाच्या तरी हातात एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, पडतो आणि वॉर्डात वर्षानुवर्षे चपला झिजवलेला बघत राहतो. त्यामुळे पत्रलेखकाचा वैताग पटतो. पण ३ फेब्रुवारी २०२० ला मी लेकीकडे आयोवाच्या राजधानीत, डे मॉइनला होते आणि राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडण्याची डेमोक्रॅटिक पक्षाची ती बैठक शाळेच्या जिममध्ये प्रेक्षक म्हणून पाहिली.

तिथे मतपेटी नव्हती. इच्छुकांपैकी सँडर्स यांचे समर्थक एका कोपऱ्यात, बुटिजिज यांचे दुसऱ्या, आणि डोकी मोजायची. १५ टक्के जमले नाहीत तो गट बाद. म्हणजे १८० जण आले तर किमान २७ हवेत. मग बाद गटातल्यांची ओढाओढ सुरू! एका आजीबाईंना तिघांनी घेरले होते, त्यातला एक त्यांचा शेजारीच. मतदान कक्षाचा पुठ्ठा कुणाला डोकावता येणार नाही असा लावण्यात माझ्या सगळ्या निवडणूक ड्युट्या गेल्या. मला ते बघवेना. आपल्याकडे पतपेढीचा अध्यक्षच इच्छुक असला, तर त्याच्या कर्जदाराने कोणता कोपरा धरायचा?

शिवाय संध्याकाळी सातला हजर राहायचे. रात्रपाळीवाल्याने काय करायचे? त्या रात्री निकाल कळवायचे अ‍ॅपही बिघडले आणि आकडे काही दिवस रखडले. २०२४ मध्ये त्या पक्षाने आयोवात पसंतीची कार्डे टपालाने मागवली, राज्याराज्यांत उमेदवार निवडताना सर्वांत आधी कौल देण्याचा आयोवाचा मानही साउथ कॅरोलिनाला दिला.

रिपब्लिकनांचे त्यातल्या त्यात बरे. आधी भाषणे, मग चिठ्ठीवर गुप्त मत. अर्थात मोजणीत त्यांचाही घोळ झालाच: २०१२ ला इच्छुकांपैकी रोम्नी आठ मतांनी पुढे म्हणून जाहीर झाले आणि पक्क्या मोजणीत त्यांचे प्रतिस्पर्धी सँटोरम ३४ मतांनी पुढे निघाले.

तेव्हा बैठक जरूर घ्या, इच्छुकांना उभे करून गटाराचे, पाण्याचे प्रश्न विचारा. पण नाव चिठ्ठीवर लिहू द्या आणि चिठ्ठ्या सर्वांदेखत मोजा. आणि पक्षसदस्यांची यादी तीन महिने आधी फळ्यावर लावून बंद करा. नाहीतर आदल्या रात्री टेम्पो भरभरून नवे सदस्य उतरतील.

– एक निवृत्त मुख्याध्यापिका, सातारा