मोटर प्रथिनांची बातमी आणि पाकिटात उरलेल्या गोळ्या

महोदय,

मलेरियाच्या परजीवीतली मोटर प्रथिने, म्हणजे पेशीत हालचाल घडवणारी प्रथिने, बंद पाडून रोगाचा प्रसार रोखता येईल, या आशयाचा मजकूर आपल्या अंकात वाचला. विषय मराठीत आला हे चांगलेच झाले. मात्र ‘परजीवी शेपटी हलवत रक्तात पोहतो’ हे त्यातले वाक्य दुरुस्त करायला हवे. माणसाच्या रक्तात त्याला शेपटी नसते.

ती फुटते डासाच्या पोटात, आणि तीही फक्त परजीवीच्या नराला. रक्तातली नरपेशी तोवर गप्प असते. डासाच्या पोटात तापमान पाचएक अंशांनी उतरले, आम्लता घटली आणि तिथले झँथुरेनिक आम्ल भेटले की ती जागी होते. दहा-पंधरा मिनिटांत तीन वेळा डीएनए दुप्पट करून आठ वळवळते नर बाहेर सोडते. १८८० मध्ये अल्जीरियात फ्रेंच डॉक्टर लाव्हरां यांना काचपट्टीवर हीच वळवळ दिसली आणि मलेरियाचा जंतू सापडला. (आजही ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत रक्त तासन् तास पडून राहिले तर नळीतच असे नर सुटतात आणि काचपट्टी तपासणारा त्यांना भलताच जंतू समजतो. काचपट्टी लगेच करावी ती यासाठी.)

ही शेपटी डायनीन हे मोटर प्रथिन हलवते. तिचा सांगाडा उभा राहायला कायनेसिन-८बी हे दुसरे मोटर प्रथिन लागते. उंदरांच्या मलेरियाच्या परजीवीतून हे कायनेसिन काढले, तेव्हा डीएनएच्या प्रती झाल्या, पण सांगाडा बनलाच नाही. नर नाही म्हणून फलन नाही. साखळी डासातच तुटली. फलनानंतर डासाच्या आतड्याची भिंत भेदणारा ऊकायनीट आणि लाळेतून आपल्या त्वचेत उतरणारा स्पोरोझोइट ही परजीवीची पुढची रूपे मात्र शेपटीशिवाय सरकत जातात. त्यांच्या आवरणाखाली मायोसिन-ए हे मोटर प्रथिन ॲक्टिन या प्रथिनाचे धागे मागे ओढते; धागे बाहेरच्या पकड घेणाऱ्या प्रथिनांना जोडलेले, म्हणून पेशी पुढे जाते. खाडीच्या तळात बांबू रोवून होडी रेटतात, तसेच. स्पोरोझोइटचा वेग सेकंदाला एक-दोन मायक्रॉन.

या प्रथिनांवर मारा करणारे औषध आज दुकानात नाही. कायनेसिन आणि डायनीन माणसाच्या पेशींतही असतात, त्यामुळे नेमके परजीवीचेच बंद पाडणे सोपे नाही. पण प्रसार तोडण्याचे काम करणारी गोळी आपल्याकडे आहेच: प्रायमाक्विन. फाल्सिपेरम या प्रकारच्या मलेरियात तीन दिवसांच्या आर्टेमिसिनिन-मिश्र उपचाराने ताप उतरतो, तरी परजीवीच्या चंद्रकोरीच्या आकाराच्या पक्व नर-मादी पेशी बऱ्याचशा रक्तात टिकतात. म्हणून उपचाराच्या दुसऱ्या दिवशी वजनाच्या किलोला ०.७५ मिलिग्रॅम प्रायमाक्विन, म्हणजे प्रौढाला ४५ मिलिग्रॅम, एकदाच. व्हायव्हॅक्स या दुसऱ्या प्रकाराला किलोला ०.२५ मिलिग्रॅम रोज, चौदा दिवस; तिथे हेतू वेगळा, यकृतात दबा धरलेले परजीवी मारण्याचा. ताप गेला की चौथ्या-पाचव्या दिवशी ते पाकीट फडताळात जाते, घोटाळा होतो तो इथे. गर्भवती, तान्ही बाळे आणि जी-६-पीडी या लाल रक्तपेशींना जपणाऱ्या विकराची कमतरता असलेल्यांना ही गोळी देत नाहीत. लघवी काळसर झाली तर ती तिथेच थांबवून डॉक्टर गाठावा.

डासाच्या अंगात परजीवी तयार व्हायला कोकणातल्या पावसाळी उबेत दहा-बारा दिवस लागतात आणि अंड्याचा डास व्हायला आठ-दहा. म्हणून साठलेले पाणी सात दिवसांच्या आत ओतायचे. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत शाकारून ठेवलेल्या होड्यांचा तळ, आंब्याच्या फवारणीची उघडी टाकी, सोडून दिलेली चिरेखाण हे सगळे तपासावे. मलेरिया पसरवणाऱ्या ॲनॉफिलीस डासाची अळी पाण्याच्या पृष्ठाला समांतर आडवी असते, इतरांच्या तिरक्या लोंबतात. चिरेखाणीचे पाणी उपसता येत नसेल तर त्यात गप्पी मासे सोडावेत. टाकीला मात्र घट्ट झाकण आणि ओव्हरफ्लोच्या नळीला जाळी हवी. नुसत्या झाकणाने भागत नाही, डास नळीतून आत शिरतात.

— दोन वाचक, रत्नागिरी