आचारी काकांस, त्या पावसातल्या पंगतीबद्दल

आदरणीय आचारी काका,
सादर नमस्कार.

वाईतल्या आमच्या स्वागत समारंभाला आज तीन आठवडे झाले. त्या रात्री आपण भांडी टेम्पोत चढवून निघालात, तेव्हा आम्ही दोघे पाहुण्यांना निरोप देण्यात गुंतलो होतो आणि आपल्याशी दोन शब्द बोलायचे राहून गेले. ते सर्वांसमक्ष बोलावे, म्हणून आम्हा दोघांच्या वतीने मी हे पत्र लिहीत आहे.

आमचे लग्न नोंदणी पद्धतीने झाले. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे ३० दिवस आधी नोटीस, तीन साक्षीदार आणि सह्या, एवढ्यावर ते पार पडले. आम्हाला ते पुरेसे होते. पण अक्षता नाहीत, पंगत नाही, याची खंत माझ्या आजीच्या मनातून जात नव्हती. तिच्या दृष्टीने हा समारंभ म्हणजेच लग्न होते, आणि हे माहीत असूनही सोयीचे पडते म्हणून आम्ही बुफे ठरवला, ही चूक सर्वस्वी आमची.

संध्याकाळी पांडवगडामागे आभाळ काळवंडले आणि पाहुणे जमू लागतात न लागतात तोच वळीव कोसळला. मांडववाल्यांनी कबूल केलेले पत्र्याचे छप्पर घातलेच नव्हते. कापडी मांडव धो धो गळू लागला, व्यासपीठावरची फुले चिखलात पडली, वीज गेली आणि जो तो आपापले कपडे सावरत आडोशाला धावला. आपण मात्र सर्वांत आधी शेगड्या बंद केल्या, जिलबीच्या कढईजवळच्या मुलांना दूर केले आणि कढईवर मोठी परात झाकली. तापलेल्या तुपात पाणी पडले की ते उसळून अंगावर येते, हे मला नंतर बाबांकडून कळले. त्या मुलांपैकी एकालाही साधा चटका बसला नाही, आणि आपल्या सगळ्या उपकारांत मला हा सर्वांत मोठा वाटतो.

पटांगणाला लागून असलेल्या मंदिराच्या ओवऱ्या उघडून देण्याची विनंतीही आपणच केलीत. बुफेची टेबले भिजली होती. आपण टेम्पोतून पत्रावळी काढल्यात आणि "आता पंगतच बसवू या" असे इतक्या सहजपणे म्हणालात, की जणू आधीपासून तेच ठरले होते. माझ्या कचेरीतली मंडळी वाढपी झाली. नवरदेवाचा कोट ओलाचिंब झाल्याने तेही मावसभावाचा सदरा घालून मठ्ठा वाढत फिरले. दमट हवेत जिलबी लगेच मऊ पडते, म्हणून आपण ती एकदम न तळता प्रत्येक पंगतीपुरती तळत राहिलात. मसालेभात दोन तास झाकून ठेवावा लागला, तरी जुन्या कोलमाचे शीत न् शीत मोकळे राहिले होते.

आणि आजीचे पान. मोबाइलच्या उजेडात आपण ते स्वतः मांडलेत. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर; उजवीकडे भाजी; मध्ये भाताची मूद. तिच्यावर पितळी पळीने वरण आणि वर तूप घालून आपण तिला "सावकाश होऊ द्या" म्हणालात. आजीने श्लोक म्हटला, पहिला घास घेतला आणि मग आम्हा दोघांना जवळ बोलावून एकेक घास भरवला. पुढच्या चारही पंगती उठेपर्यंत ती जागची हलली नाही.

निमंत्रण २५० जणांना होते, जेवून गेले त्याहून बरेच अधिक. दुसऱ्या दिवशी बाबा जादा रक्कम देऊ लागले, तर आपण ती घेतली नाहीत. निदान आमचे हे आभार तरी आपण परत करू नयेत.

वरणाची ती पितळी पळी आमच्याकडेच राहिली आहे. आजीने चिंच लावून ती लख्ख केली आहे. येत्या रविवारी आम्ही दोघे ती घेऊन आपल्या घरी येतो. आजीही येणार म्हणते.

आपले कृतज्ञ,
वाईचे वधूवर