फ्रेममधली टाइल कुठल्या भिंतीची?

मा. संपादक,
स. न.

रविवार पुरवणीतल्या घरसजावटीच्या सदरात ‘जुनी पोर्तुगीज टाइल मिळाली तर फ्रेम करून दिवाणखान्यात लावा’ असा सल्ला वाचला. सोबतच्या छायाचित्रात निळ्या-पांढऱ्या टाइलवर एका स्त्रीचा खांदा आणि तराजूचे एक पारडे होते. म्हणजे ती न्यायदेवता असणार. तिचे डोके आणि दुसरे पारडे कुठे राहिले, याबद्दल सदरात अवाक्षर नाही.

नक्षीची सुटी टाइल समजू शकतो. पण अझुलेजोतली, म्हणजे या पोर्तुगीज रंगीत टाइल-चित्रांतली, माणसाएवढी आकृती साधारण चौदा सेंटिमीटरच्या अनेक चौकोनी टाइल्स जुळवून होते. भाजलेल्या मातीवर कथिलयुक्त पांढऱ्या झिलईचा थर देतात, तो कच्चा असतानाच कोबाल्टच्या निळ्या रंगाने रंगवतात आणि पुन्हा भट्टीत घालतात. कच्ची झिलई रंग लगेच पिते, चुकलेली रेघ पुसायची सोय नाही. भिंतीवर बसवताना गवंड्याचा घोळ होऊ नये म्हणून टाइलच्या पाठीवर अक्षर-आकडे लिहीत. असा एखादाच खांदा दुकानात येतो तेव्हा कुठल्या तरी मठाच्या नाहीतर हवेलीच्या भिंतीतले चित्र मोडलेले असते.

आणि ही चित्रे वाचायची असतात. आपण मूर्ती हातातल्या आयुधांवरून ओळखतो, तसे इथे जहाजाचा नांगर दिसला की आशा, पंख आणि विळा दिसला की काळ. ब्राझीलमधल्या साल्व्हादोर शहरात फ्रान्सिस्कन पंथाच्या ख्रिस्ती साधूंच्या मठातल्या चौकाभोवती असे ३७ फलक आहेत. रोमन कवी होरेसच्या वचनांवर ऑटो व्हान वेन या चित्रकाराने १६०७ मध्ये अँटवर्पला चित्रसंग्रह छापला. अठराव्या शतकात त्यातली चित्रे पोर्तुगालमध्ये टाइल्सवर उतरली आणि जहाजाने ब्राझीलला गेली. ख्रिस्ताच्या आधी मेलेल्या कवीची शिकवण साधूंच्या मठात, रोज येता-जाता डोळ्यांसमोर! मला तर हे फारच आवडते. त्यातली एक टाइल काढली तर काळाचा विळा जाईल, नाहीतर वचनाचा अर्धा शब्द.

खुद्द पोर्तुगालात चोऱ्या इतक्या बोकाळल्या की तिथल्या गुन्हे अन्वेषण पोलिसांच्या संग्रहालयाने २००७ मध्ये ‘एसओएस अझुलेजो’ ही मोहीम काढली आणि चोरीस गेलेल्या टाइल्सची छायाचित्रे जाहीर केली. २०१७ मध्ये टाइल्सने मढवलेल्या दर्शनी भिंती पाडण्यावर देशभर कायद्याने निर्बंध आले. तिथे गिऱ्हाईक कमी व्हावे म्हणून एवढा खटाटोप, आणि आपण इथे गिऱ्हाईक तयार करतो आहोत.

सलग चित्र पाहायचे तर लिस्बनला जायलाच हवे असे नाही. पणजीच्या इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशदालनात जॉर्ज कोलासो यांचे १९३५ चे फलक आहेत, पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातल्या प्रसंगांचे. पोर्तो शहरातल्या साओ बेंतो रेल्वे स्थानकाच्या भिंती सजवणारे हेच कोलासो.

घरात लावायला हवीच असेल तर गोव्यात आजही हाताने टाइल्स रंगवणारे कलाकार आहेत. घराच्या नावापासून अख्ख्या देखाव्यापर्यंत सांगाल ते करून देतात. पुढच्या सदरात त्यांची कामे छापावीत. आणि जुनीच घेणाऱ्याने ती कुठल्या इमारतीतून, केव्हा आणि कुणाच्या परवानगीने निघाली हे दुकानदाराकडून लिहून घ्यावे, एवढे तरी वाचकांना कळवावे.

आपला,
एक वाचक, म्हापसा